झुकलेली पापणी आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या : खर्च कशावर करावा?

आमच्या बीड जिल्ह्यात चाळिशीच्या बाईला कोणीही पन्नाशीची समजते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन फडावर जायचे, चार-पाच महिने उघड्या रानात ऊस तोडायचा, परत आल्यावर उन्हाळ्यात मिळेल त्या कामावर राबायचे. असे वीस हंगाम काढले की चेहरा वयाच्या पुढे धावतो. कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, आणि वरची पापणी डोळ्यावर उतरलेली.

पूर्वी आपल्या माणसांना याचे काही वाटत नसे, असे म्हणतात. ते खरे नाही. वाटत होते, पण बोलायची सोय नव्हती. आता मोबाईलवर रोज जाहिराती दिसतात, म्हणून लोक विचारू लागले आहेत. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, वस्तीतल्या कार्यक्रमात आम्हाला कोणीतरी हळूच विचारते, "दादा, पापणी वर करून मिळते म्हणे. किती पैसे लागतात?" विचारणाऱ्यांत बायका असतात, तसे पुरुषही असतात. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कष्टकरी माणसालाही आपला चेहरा बरा दिसावा असे वाटते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र आम्ही वाणिज्य शाखेचे. पैसे किती, याआधी खर्च कोणत्या खात्यावर पडतो ते पाहतो. येथे दोन खाती आहेत. एक नजरेचे, दुसरे रूपाचे.

नजरेचे खाते

वरची पापणी डोळ्याच्या काळ्या भागावर वरून थोडीशीच, एक-दोन मिलिमीटर, टेकलेली असते. वय वाढले की ती उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल होते आणि पापणी खाली येते. काहींची पापणी जागेवरच असते, पण तिच्यावरचे सैल कातडे घडी होऊन लोंबते. दोन्ही प्रकारांत पापणी बाहुलीवर आली की वरचे दिसणे कमी होते. माणूस नकळत भुवया वर ओढून, हनुवटी उचलून पाहू लागतो. दिवसभर भुवया ओढून कपाळ दुखते आणि कपाळावरच्या आठ्या खोल होतात. म्हणजे काही जणांच्या कपाळावरच्या सुरकुत्यांचे मूळ पापणीतच असते.

घरच्या घरी एक साधी पारख करता येते. समोर सरळ पाहा. मग बोटाने पापणी अलगद वर उचला. उचलल्यावर वरचे जास्त दिसू लागले, तर हा प्रश्न नटण्याचा राहिला नाही. तो दृष्टीचा झाला आणि त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे हा तुमचा हक्क आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे आधी तपासून घ्या. केवळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेत बसत नाही. पण नजर अडत असेल तर गोष्ट वेगळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला डॉक्टरांचा कागद दाखवून, आपले ऑपरेशन योजनेत बसते का, हे विचारावे.

पापणी झुकण्यामागे कधी कधी मोठा आजारही असतो. एका डोळ्याची पापणी अचानक पडली, सोबत एकाचे दोन दिसू लागले, डोके जोराने दुखू लागले किंवा तोंड वाकडे झाले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील रक्तवाहिनीचा दोष किंवा मधुमेहाने झालेली मज्जातंतूची इजा अशी दिसू शकते. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड होत असेल, तर स्नायूंचा एक आजार असतो. त्यावर औषध आहे.

फडावर कोपीत जमिनीवर झोपणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मण्यार रात्री चावते. पुष्कळदा ना दुखते, ना सुजते. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते. त्याला झोप किंवा थकवा समजू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. सर्पविषावरचे औषध तेथे मिळते.

रूपाचे खाते

सुरकुत्या वयाने पडतात, पण उन्हाने फार लवकर पडतात. सूर्यकिरण कातडीतील आधाराचे धागे तोडतात. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील ६९ वर्षांच्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. त्याने २८ वर्षे गाडी चालवली होती. खिडकीकडच्या डाव्या गालावर खोल घड्या पडल्या होत्या, उजवा गाल त्यामानाने नितळ होता. माणूस तोच, वय तेच. फरक केवळ काचेतून येणाऱ्या उन्हाचा. मग फडावरच्या उन्हाचे काय बोलावे! विडी-सिगारेटही कातडी लवकर सुरकुतवते. स्त्रियांची पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत कातडीचे बळ झपाट्याने घटते.

आता उपायांचा हिशेब करू. पापणीवरचे जादा कातडे काढण्याचे ऑपरेशन बहुधा तेवढीच जागा बधिर करून होते. टाके आठवडाभरात निघतात, सूज एक-दोन आठवडे राहते, त्याचा परिणाम बरीच वर्षे टिकतो. पण कातडे जास्त कापले गेले तर डोळा पुरता मिटत नाही आणि कोरडा पडतो. धुळीत, पाचटात काम करणाऱ्याला कोरडा डोळा म्हणजे रोजचा जाच. क्वचित आतल्या रक्तस्रावाने दृष्टीलाही धोका होतो. म्हणून ते डोळ्यांच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या शिकलेल्या डॉक्टरांकडूनच करावे, आणि पुढे किती दिवस कामावर जाता येणार नाही हे आधी विचारावे. बुडालेली मजुरीही खर्चातच धरायची असते.

सुरकुत्यांवरचे बोटॉक्सचे इंजेक्शन हे एका जंतूच्या विषापासून बनते. अमेरिकेत १९८९ साली त्याला परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापणी आवळण्याच्या आजारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी ती २००२ साली मिळाली. स्नायू सैल पडतो म्हणून आठी दिसत नाही. पण हा परिणाम तीन-चार महिनेच राहतो. म्हणजे एका वेळचा जो दर सांगतील, त्याला वर्षाचे तीनने आणि पुढे वर्षांनी गुणावे. दर पाच हजार धरला तर वर्षाचे पंधरा हजार, पाच वर्षांचे पंचाहत्तर हजार. औषध चुकीच्या जागी पसरले तर त्याच इंजेक्शनाने पापणी काही आठवडे खाली पडते, हेही ऐकून ठेवावे. लेसर आणि साल काढण्याच्या उपायांनी आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडण्याची शक्यता अधिक असते.

सर्वांत स्वस्त दिसणारा आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे नाव-पत्ता नसलेले क्रीम. अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. आठवड्यात चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करण्यास मनाई केली. काही क्रीमांत पारा सापडतो. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचे २०२३ च्या सुरुवातीला उघडकीस आले. ते क्रीम पार्लरमधून घेतलेले होते.

बिनखर्चाचे उपाय साधेच आहेत. उन्हात डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा कपाळ झाकणारा रुमाल-पदर असावा. विडी, तंबाखू सोडावी. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते, म्हणून डोळे बारीक करू नयेत, चष्मा घ्यावा. डोळे चोळू नयेत.

विचारल्याशिवाय सही नको

ऑपरेशनची शिफारस आंधळेपणाने मान्य केल्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. जिल्ह्यात ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींनी त्यासाठी मुकादमाकडून उचल घेतली आणि ती फेडण्यासाठी पुन्हा कोयता धरला. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असेल तर पाळी जाण्याचे वय एकदम अंगावर येते. हाडे आणि कातडी दोन्ही लवकर थकतात. आज चेहरा अकाली का उतरला, याचे उत्तर काही भगिनींच्या बाबतीत त्या ऑपरेशनात आहे. त्यांनी आधी हाडांची आणि रक्ताची तपासणी करावी. क्रीमचा विचार नंतर.

म्हणून आम्ही विचारणाऱ्याला इतकेच सांगतो. पापणी नजर अडवत असेल तर उद्याच जा, टाळू नका, लोक नटवी म्हणतील याची पर्वा करू नका. नजर ठीक असेल आणि केवळ बरे दिसायचे असेल, तर तो तुमचा खाजगी निर्णय आहे. कोणी नावे ठेवू नयेत. पण तो शिलकीच्या पैशातून घ्या. उचल घेऊन, बचत गटाचे कर्ज काढून किंवा पोरांच्या फीचे पैसे मोडून घेऊ नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हे केले नाही तर काय बिघडेल? परिणाम किती दिवस टिकेल? बिघडले तर दुरुस्ती कोण करील आणि कोणाच्या खर्चाने? उत्तरे कागदावर लिहून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, मगच सही करा.

आणि येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाची, आई-वडिलांचीसुद्धा, बोटाने पापणी उचलून पारख करा. लहान मुलाची पापणी जन्मापासून झुकलेली असेल तर त्याला सर्वांत आधी न्या. बाहुली झाकलेली राहिली तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते. म्हातारा माणूस "आता काय बघायचंय?" म्हणेल. त्याचे ऐकू नका. त्याला घेऊन दवाखान्यात जा.