जुना कॉम्प्युटर एक्सचेंजला देताय? आधी पाहुण्यांना बाहेर काढा!



शनिशिंगणापूर हे घरांना दारं-कुलपं नसलेलं गाव. शनिदेव राखण करतो ही गावाची श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली, तीही कुलपाविना! आता समजा, याच गावात तुमचं छोटंसं लॉज आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुना पीसी नगरला नेऊन एक्सचेंजमध्ये द्यायचाय. त्यात काय काय आहे? मुक्कामाला आलेल्या भक्तांच्या आधारच्या स्कॅन कॉपी, टॅलीचा हिशोब, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला जीएसटीचा पासवर्ड. भक्तांनी आधार दिलं ते तुमच्यावर विश्वास ठेवून. पुढे तो पीसी कोण घेणार, हे दुकानदारालाही माहीत नसतं.

"सर, मी सगळं डिलीट केलंय!" हे मी नेहमी ऐकतो. अहो, डिलीट म्हणजे काउंटरच्या रजिस्टरमधून नाव खोडणं. पाहुणा खोलीतच असतो! हार्ड डिस्कवर त्याच जागी नवीन डेटा लिहिला जाईपर्यंत जुनी फाइल तिथेच राहते आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत निघू शकते. क्विक फॉरमॅटचंही तेच.

मग करायचं काय? घाई न करता आधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, त्यामुळे पुसण्याच्या भरात हिशोबच गेला तर पंचाईत. टॅलीचं लायसन्स त्याच मशीनवरून सरेंडर करा. हे लोक हमखास विसरतात. मोबाइलच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तो पीसी काढा, गुगलमधून साइन आउट व्हा.

यानंतर सेटिंग्ज, रिकव्हरी, 'रिसेट धिस पीसी'. तिथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. पण इथेच थांबू नका! 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. खरी पुसापुशी याच बटणाने होते. हार्ड डिस्क असेल तर काही तास लागतात. रात्री लावून झोपा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

आणि पीसी चालूच होत नसेल तर? बंद पडलेल्या पीसीची डिस्कही बहुतेक वेळा शाबूत असते. स्क्रू काढून ती घरी ठेवा आणि बाकीचा डबा द्या. एक्सचेंजमध्ये थोडे पैसे कमी मिळतील, मिळू द्या.