एका विनंतीत हजारो जाहिराती

सणाच्या तोंडावर बुटांचा एखादा विक्रेता गूगलवर जाहिरात करायचं ठरवतो, तेव्हा प्रत्यक्ष जाहिरात ही अगदी शेवटची पायरी असते. आधी रोजच्या खर्चाचं बजेट ठरतं, त्यावर मोहीम उभी राहते, मोहिमेत गट पडतात आणि गटांत शोधशब्द नि जाहिराती बसतात. हेच दहा शहरांसाठी वेगवेगळं करायचं तर माउस हलवून हलवून दिवस संपतो.

२००० साली गूगलची ही जाहिरातसेवा ‘अॅडवर्ड्स’ या नावाने सुरू झाली तेव्हा जाहिरातदार होते अवघे ३५०. आज मोठ्या एजन्सी हे काम ‘गूगल अॅड्स एपीआय’कडे सोपवतात. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगण्याची ठरलेली रीत. इथे एकाच ‘म्यूटेट’ विनंतीत बजेट, मोहीम, गट, जाहिरात अशा निरनिराळ्या गोष्टी बनवता, बदलता किंवा काढून टाकता येतात. एका विनंतीत १०,००० कामांपर्यंत.

पण एक पेच उरतो. मोहिमेला बजेटचा क्रमांक लागतो आणि तो गूगलने बजेट बनवल्याशिवाय मिळत नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे उणे आकडे. प्रोग्राम बजेटला तात्पुरता -१ क्रमांक देतो, मोहिमेला -२, आणि मोहिमेत ‘-१चं बजेट वापर’ असं लिहितो. खरे क्रमांक गूगल नंतर भरतं. अट एवढीच, की बजेट यादीत मोहिमेच्या आधी हवं.

यातलं एक काम फसलं तर?

एरवी सगळीच विनंती रद्द होते. एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात जमाच झाले नाहीत, हे बँकेत चालत नाही, तसंच हे. मात्र पाच हजार सुटे शोधशब्द टाकताना एखादा ८० अक्षरांची मर्यादा ओलांडतो म्हणून बाकीचे कशाला अडवायचे? तिथे ‘पार्शल फेल्युअर’ चालू करतात: चांगले आत जातात, चुकलेल्यांची कारणं परत येतात.

सर्वांत जपायचं ते पैशांचं खातं. एपीआय रक्कम मायक्रोमध्ये मोजतं. एक रुपया म्हणजे दहा लाख मायक्रो. ५०० रुपयांचं बजेट ५० कोटी असं लिहावं लागतं, आणि एक शून्य जास्त पडलं तर ते थेट ५,००० रुपये होतं. म्हणून जाणते प्रोग्रामर आधी ‘व्हॅलिडेट ओन्ली’ लावून विनंती पाठवतात. त्यात नियमांची तपासणी होते, खात्यात काहीच बदलत नाही. पण जास्तीचं शून्य नियमात बसत असेल, तर ते या चाळणीतूनही पार होतं. रकमा माणसालाच वाचाव्या लागतात.