पडद्यावरचा रॅलीचा रस्ता

ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर मोटारींच्या रॅलीचे खेळही खेळले जात. त्याच्या चित्राचे बिंदू ६१४४ बाइटमध्ये मावत आणि पडदा सेकंदाला सुमारे ५० वेळा रंगवला जाई. प्रोसेसरची गती ३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण ७०,००० ठोके. बाइट ओळीने हलवणाऱ्या आज्ञेला प्रत्येक बाइटमागे २१ ठोके लागत. आपण गुणाकार करून पाहू: १,२९,०२४! या रीतीने दर वेळी सगळे चित्र बदलणे अशक्यच. मग रस्ता धावे कसा?

इथे नववी-दहावीतले समरूप त्रिकोण मदतीला येतात. सपाट रस्त्याची पडद्यावरची रुंदी क्षितिजापासून खाली येताना समप्रमाणात वाढते. अंतर मात्र व्यस्त प्रमाणात घटते. क्षितिजाखालची दहावी ओळ शंभराव्या ओळीच्या दहापट दूर. हे कोष्टक आधीच तयार ठेवता येते. मग कडेचे काळे-पांढरे पट्टे तेवढे पुढे सरकवायचे. रस्ता जागचा हलत नाही, तरी आपल्याला गाडी सुसाट वाटते!

रॅलीत वळणे फार. त्यासाठी खालून वर जाताना प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १, २, ३, ४ बिंदू अशी वाढत्या मापाने बाजूला ढकलायची. एकूण सरकणे होते १, ३, ६, १०. आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडले की परवलय दिसते.