यंत्राच्या मापाचा वीजपुरवठा

घराच्या भिंतींतून येणारी वीज आणि यंत्राच्या पोटांत खेळणारी वीज या दोन अगदीं निराळ्या वस्तु आहेत, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. भिंतींतील सॉकेटमधून मिळणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते आणि तिची दिशा दर सेकंदास शंभर वेळां पालटते. उलटपक्षीं, रुग्णाच्या उशाशीं ठेवलेला हृदयाचे ठोके दाखविणारा मॉनिटर काय, किंवा कारखान्यांतील यंत्रांना हुकूम सोडणारी नियंत्रक पेटी काय, त्यांच्या आंतील सूक्ष्म घटकांना ५, १२ अथवा २४ व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी आणि जराहि न हेलकावणारी वीज लागते. या दोहोंच्या मध्यें दुभाष्याचें काम करणारें जें उपकरण, त्यास धंद्यांतील मंडळी ‘पॉवर सप्लाय’ म्हणतात. लॅपटॉपच्या तारेवरचा काळा ठोकळा हें त्याचेंच आपल्या रोजच्या ओळखीचें रूप होय.

असे सप्लाय बाजारांत तयार मिळतात आणि त्यांचे प्रकारहि थोडेथोडके नाहींत. असें असतांना रुग्णालयाचीं अथवा कारखान्याचीं यंत्रें बनविणारे लोक पुष्कळदां सप्लाय मुद्दाम आपल्या मापानें करवून घेतात. तयार कपड्यांचें दुकान शेजारीं असतां शिंप्याकडे जाण्यासारखाच हा प्रकार. तो हौसेचा आहे कीं गरजेचा, हें आज पहावयाचें आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें: सप्लायच्या पाटीवर व्होल्ट आणि वॅट असे दोन आंकडे असतात; ते जुळले म्हणजे दोन सप्लाय सारखे झाले, असें मुळींच नाहीं. सर्व कांहीं सुरळीत असतां सप्लाय काय देतो यापेक्षां, कांहीं बिघडलें असतां तो काय होऊं देतो, यावरच त्याची निवड झाली पाहिजे.

प्रथम त्याचें काम कसें चालतें तें पाहूं. भिंतीकडून आलेल्या विजेला आधीं एकाच दिशेनें वाहावयास लावतात. येथें दाब सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, कारण विजेच्या लाटेचा माथा २३० या नांवाच्या आंकड्याहून बराच उंच असतो. नंतर सेकंदाला हजारों, कित्येकदां लाखों वेळां उघडझाप करणाऱ्या ट्रान्झिस्टरकडून त्या विजेचे तुकडे पाडवितात. इतक्या जलद पालटणाऱ्या विजेस लहानसा ट्रान्सफॉर्मर पुरतो. म्हणूनच पूर्वीचा विटेसारखा जड ठोकळा आज मुठींत मावतो. पण या सोयीची किंमत द्यावी लागते. उघडझापेमुळें विजेंत एक प्रकारचा गोंगाट उत्पन्न होतो आणि तो तारांवाटे शेजारच्या यंत्रांत शिरून त्यांचीं मापनें बिघडवूं शकतो. त्या गोंगाटाला परतीची जवळची वाट मिळावी म्हणून विजेच्या तारा आणि अर्थिंगची तार यांच्यामध्यें लहान कपॅसिटर जोडतात. मात्र या वाटेनें गोंगाटाबरोबर मूळ विजेचाहि एक बारीकसा झरा सतत पाझरत राहतो. याला गळती म्हणतात.

ही गळती केवढी? कारखान्याच्या सप्लायमध्यें असा एक कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा असणें हें कांहीं नवल नव्हे. २३० व्होल्ट आणि सेकंदास पन्नास आवर्तनें असा हिशेब मांडला, तर त्यांतून सुमारें १६० मायक्रोअँपियर प्रवाह जातो. एक मायक्रोअँपियर म्हणजे अँपियरचा दहा लाखावा हिस्सा. शंभर वॅटच्या जुन्या दिव्यांतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या अडीच हजाराव्या हिश्श्याहूनहि ही गळती कमी भरते. अर्थिंग शाबूत असेल तोंवर ती निमूटपणें जमिनींत जाते. अर्थिंगची तार तुटली, कीं मात्र ती यंत्राच्या धातूच्या अंगावर येऊन थांबते आणि जो हात लावील त्याच्या देहांतून वाट काढते. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्ज होत असतां त्यावरून बोट फिरविल्यास कधीं कधीं जी बारीक झिणझिण जाणवते, ती याच जातीची होय. धडधाकट माणसाला यापासून अपाय होत नाहीं. कोरडी त्वचा हें निसर्गानें दिलेलें चिलखत आहे, आणि एक हजार मायक्रोअँपियरच्या आंत-बाहेर प्रवाह गेल्याखेरीज बहुतेकांस त्याची जाणीवहि होत नाहीं.

परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेल्या रुग्णाचें हें चिलखत उतरविलेलें असतें. ज्याच्या रक्तवाहिनींतून हृदयापर्यंत नळी अथवा तार पोंचली आहे, त्याच्या बाबतींत त्वचेचा अडसर उरतच नाहीं. प्रवाह थेट हृदयाच्या स्नायूंत शिरतो. अशा वेळीं शंभर मायक्रोअँपियरच्या आसपासचा प्रवाहहि हृदयाची लय मोडूं शकतो. कारखान्यांतील पेटींत वर्षानुवर्षें निर्धोक चाललेला सप्लाय येथें घातक ठरूं शकतो तो यामुळें. आणि त्याच्या पाटीवरील व्होल्ट व वॅट तर तेच असतात!

वैद्यकीय विद्युत् उपकरणांसाठीं ६०६०१ या क्रमांकाची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. ती प्रथम १९७७ सालीं प्रसिद्ध झाली आणि पुढें तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. भारतांत ती आय. एस. १३४५० या क्रमांकानें स्वीकारलेली आहे. तिच्यांत रुग्णाशीं येणाऱ्या संबंधावरून तीन वर्ग पाडले आहेत. पहिल्या दोन वर्गांत रुग्णाच्या देहांतून नेहमींच्या स्थितींत १०० मायक्रोअँपियरपर्यंत गळती चालते, आणि एखादा बिघाड झालेला असतांना ५००. तिसरा वर्ग थेट हृदयाशीं संबंध येणाऱ्या उपकरणांचा. तेथें मर्यादा अवघी १०, आणि बिघाडाच्या वेळीं ५०. नियमकारांनीं बिघाड होणारच असें गृहीत धरून त्याचा आंकडा आधींच बांधून ठेवला आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. याच विचारानें भिंतीकडील वीज आणि रुग्ण यांच्यामध्यें संरक्षणाचे दोन पडदे मागितले जातात. आपल्या २३० व्होल्टच्या विजेसाठीं दोन्ही पडदे मिळून ४,००० व्होल्टच्या चांचणींत टिकावे लागतात आणि पृष्ठभागावरून मोजलेलें अंतर आठ मिलिमीटर ठेवावें लागतें. एक पडदा फाटला तरी दुसरा उभा राहिला पाहिजे, हें त्यांतील इंगित.

आतां मापानें करवून घेण्याची गरज कोठें येते तें दिसूं लागेल. गळती घटवावयाची तर कपॅसिटर लहान करावे लागतात; ते लहान केले कीं गोंगाट वाढतो; तो रोखण्यासाठीं तारेचीं मोठीं वेटोळीं किंवा ट्रान्सफॉर्मरमध्यें निराळी गुंडाळण लागते; त्यांना जागा लागते आणि आठ मिलिमीटरचें अंतरहि सोडावें लागतें. यंत्राच्या पेटींत तर जागा तेवढी नसते. अशा ओढाताणींत तयार माल बसला तर उत्तम, नाहींतर शिंप्याकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाहीं. समुद्रसपाटीपासून उंच प्रदेशांत हवा विरळ असल्यानें ठिणगी अधिक सुलभतेनें उडते. म्हणून २,००० मीटरवरील ठिकाणांसाठीं हवेंतील अंतरें वाढवावीं लागतात. लेहचें रुग्णालय आणि पुण्याचें रुग्णालय यांची गरज येथेंहि निराळी झाली.

कारखान्याचें दुखणें वेगळें. तेथें २४ व्होल्टचा सप्लाय ३५ मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर, बंद कपाटांत बसवितात. शेजारीं मोठी मोटर सुरू झाली कीं विजेचा दाब क्षणभर खचतो. त्या क्षणीं नियंत्रक पेटी विझली, तर चालतें काम मध्येंच थांबतें. म्हणून भिंतीकडील वीज एका आवर्तनापुरती, म्हणजे २० मिलिसेकंद, गेली तरी सप्लायनें सांठवणींतून काम चालवावें, अशी अट घालतात. याउपर खरा वैरी उष्णता. नेहमीं आढळणारा एक नियम असा कीं, सप्लाय ५० अंशांपर्यंत पुरा भार सोसतो आणि त्यापुढें दर अंशास त्याची कुवत अडीच टक्क्यांनीं घटते. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो. बंद कपाटांत आणखी पंधरा अंश धरा. साठ अंशांत २०० वॅटचा सप्लाय १५० वॅटचाच उरला! जो विकत घेतांना पाटी वाचतो आणि कपाट विसरतो, त्याची फसगत ठरलेली.

उष्णता आयुष्यहि खाते. सप्लायमधील मोठे कपॅसिटर हे त्याचे सर्वांत अल्पायुषी घटकांपैकीं होत. १०५ अंशांत ५,००० तास टिकणारा कपॅसिटर दर दहा अंश थंडाव्यागणिक सुमारें दुप्पट टिकतो. म्हणजे ७५ अंशांत ४०,००० तास आणि ६५ अंशांत ८०,००० तास. वर्षाचे तास ८,७६०. तेव्हां दहा अंशांचा हा फरक म्हणजे अखंड चालणाऱ्या यंत्राचीं साडेचार वर्षें कीं नऊ वर्षें, एवढा आहे. शंभर वॅट देतांना ८० टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय २५ वॅट उष्णता ओकतो, तर ९० टक्क्यांचा अवघी ११. कार्यक्षमतेसाठीं मोजलेले पैसे विजेच्या बिलांत परत येतात, त्याहून अधिक दीर्घायुष्यांत येतात.

वीज केवळ क्षणभर न खचतां सर्वस्वीं गेली तर? ३१ ऑक्टोबर १९५७ रोजीं अमेरिकेंतील मिनिॲपोलिस आणि भोंवतालच्या भागांत वीज गेली. त्या काळीं तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयांत हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलांच्या हृदयाची लय भिंतींतील विजेवर चालणाऱ्या उपकरणांनीं सांभाळली जात असे. शल्यवैद्य वॉल्टन लिलेहाय यांनीं अर्ल बाकेन या विद्युत्-तंत्रज्ञास यावर तोड काढावयास सांगितली, आणि बाकेन यांनीं सुमारें चार आठवड्यांत ट्रान्झिस्टर व ९.४ व्होल्टची बॅटरी यांवर चालणारें, अंगावर बाळगतां येणारें उपकरण सिद्ध केलें. हृदयाची लय राखण्याच्या साधनांच्या इतिहासांत येथून नवें पर्व सुरू झालें. या ठिकाणीं वीजपुरवठा बदलला म्हणूनच उपचार बदलला.

मग सर्वांनींच सप्लाय मापानें करवावा काय? नव्हे. नव्या आंखणीचा खर्च, चांचण्या आणि प्रमाणपत्रें यांत पैसा व कित्येक महिने जातात. थोडक्याच नगांवर तो भार बसला तर यंत्र कोणास परवडणार नाहीं. पुष्कळदां मधला मार्ग बरा पडतो: प्रमाणित तयार सप्लाय घ्यावा आणि त्याचे जोड, तारा किंवा कवच तेवढें बदलून घ्यावें. कोणताहि मार्ग धरला तरी मागणी लिहितांना पांच प्रश्नांचीं उत्तरें आधीं लिहावींत. यंत्र रुग्णाला कोठें स्पर्श करणार? कपाटाच्या आंतील उष्णता किती? सुरू होतांना क्षणिक भार किती चढणार? वीज गेल्यास किती वेळ तग धरावयाचा? आणि यंत्राचें आयुष्य दहा वर्षांचें असेल, तर सप्लाय व त्याचे घटक तितकीं वर्षें मिळतील काय? व्होल्ट आणि वॅट त्यांच्यानंतर लिहावे.

हा विषय आतां गृहस्थाच्या उंबऱ्याच्या आंत आला आहे. २०२० व २०२१ या सालांच्या साथींत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरोघरीं पोंचले. झोपेंतील श्वसनासाठीं लागणारीं यंत्रेंहि कित्येक घरांत आहेत. घरगुती उपयोगाच्या वैद्यकीय उपकरणांसाठीं उपर्युक्त नियमावलीचा एक स्वतंत्र भाग २०१० सालीं निघाला. घराच्या अर्थिंगवर विसंबतां येत नाहीं, हें जाणून त्यानें अशीं हलवितां येणारीं उपकरणें दुहेरी आवरणाचीं अथवा बॅटरीवर चालणारीं असावींत, असें बंधन घातलें. दुहेरी आवरणाची खूण म्हणजे चौकोनांत चौकोन. मात्र ही खूण साध्या चार्जरवरहि असते. म्हणून वैद्यकीय अडॅप्टरच्या पाटीवर ६०६०१ हा आंकडाहि पहावा. संगणकादि उपकरणांच्या अडॅप्टरवर भारतांत आय. एस. १३२५२ हा क्रमांक आढळतो. तो त्याच्या जागीं योग्यच, परंतु रुग्णाच्या गळतीचा हिशेब त्यांत मांडलेला नसतो.

म्हणून अशा यंत्राचा अडॅप्टर बिघडला आणि घरांतील दुसऱ्या एखाद्याची पिन त्यांत बरोबर बसली, व्होल्टहि जुळले, तरी तो लावूं नये. यंत्राच्या निर्मात्यानें सांगितलेलाच मागवावा, आणि शक्य तर एक जादा आधींच आणून ठेवावा. पिन बसली म्हणजे यंत्र चालेल एवढेंच ठरतें. यंत्राला जोडलेलें माणूस सुरक्षित राहील कीं नाहीं, हें ठरविणारी गोष्ट त्या काळ्या ठोकळ्याच्या आंत असते आणि ती बाहेरून दिसत नाहीं.