पाटीवर तिचं नाव येणार होतं

आजच्या भागात जाऊया कलकत्त्याला, साल 1874. साधारण 11-12 वर्षांची एक मुलगी ग्रेट नॅशनल थिएटरमध्ये नोकरीला लागते. पगार महिना 10 रुपये, आणि पहिलं काम द्रौपदीच्या सखीचं. ही बिनोदिनी दासी.

एक गोष्ट लक्षात घ्या. 1882 मध्ये आपल्याकडे 'संगीत सौभद्र' आलं, तेव्हा सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर! बंगालमध्ये मात्र 1873 पासूनच बायका रंगभूमीवर आल्या होत्या. पण कोणत्या बायका? वेश्यावस्तीतल्या. घरंदाज घरातली मुलगी कोण पाठवणार? बिनोदिनीही तिथलीच.

तिला घडवलं नट-नाटककार गिरीशचंद्र घोष यांनी. 'मेघनादवध'मध्ये तर ती एकाच खेळात सहा-सात भूमिका करायची. विचार करा, प्रत्येक वेळी नवा वेश, नवा आवाज!

आता मुख्य किस्सा, जो वाचून मला खरंच राग आला. मंडळीला स्वतःचं थिएटर हवं होतं, पण पैसा नव्हता. गुरमुख राय नावाचा तरुण श्रीमंत पैसा घालायला तयार झाला. अट एकच, बिनोदिनीने त्याच्याकडे राहायचं. तिच्याच आठवणींनुसार, नाटक सोडलंस तर 50,000 रुपये देतो, असंही तो म्हणाला होता. तिने पैसे नाकारले, थिएटर मागितलं. सहकाऱ्यांनी शब्द दिला की त्याला तुझंच नाव देऊ, 'बी थिएटर'. ती बांधकामावर स्वतः मातीच्या टोपल्या वाहायची म्हणे. आणि नोंदणी झाल्यावर कळलं, नाव ठेवलंय 'स्टार'. का, ते सांगायला नको. तिच्या जिवावर थिएटर चालेल, पण तिच्या नावावर नाही!

जुलै 1883 मध्ये स्टार सुरू झालं. पुढच्या वर्षी 'चैतन्यलीला'त तिने चैतन्य महाप्रभूंचं काम केलं. ते बघायला स्वतः रामकृष्ण परमहंस आले, तिला आशीर्वाद देऊन गेले. अख्खं कलकत्ता लोटलं.

आणि पंचविशीच्या आतच तिने रंगभूमी सोडली, कायमची. पुढे मुलगी झाली, शकुंतला. आईच्या पार्श्वभूमीमुळे तिला शाळेत घेतलं नाही. 1904 मध्ये ती गेली. बिनोदिनीने लिखाणही केलं. 'आमार कथा' हे आत्मचरित्र 1912 चं. तिचा मृत्यू 1941 चा.

बरं, पाटीचं काय झालं? डिसेंबर 2024 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने स्टारला बिनोदिनीचं नाव द्यायचं जाहीर केलं. फक्त ही हातीबागानची, 1888 ची इमारत. तिने टोपल्या वाहिल्या ती बीडन स्ट्रीटची वास्तू रस्त्यासाठी केव्हाच पाडली गेली.