ऑर्डरीचे फर्निचर : आधी कागद, मग करवत

आपले सुतार कारागीर हाताने पक्के, पण हिशेबात कच्चे. सागवान घनफुटाने मिळते. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन गुणावे आणि १४४ने भागावे. सात फूट लांब, ६ इंच रुंद, २ इंच जाड फळी म्हणजे ०.५८ घनफूट. करवतीचा भुसा व रंध्याच्या ढलप्याही विकतच्याच. त्या भावात धराव्यात.

फर्माइशीवर वस्तू बनवून देण्याच्या कराराला हनफी फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात. त्यात माल, माप, किंमत आधी ठरावी लागते. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. तरी ओळखीच्या गिऱ्हाइकापुढे कागद काढायला आम्ही लाजतो! एकाच्या भिंतीच्या मापाचे कपाट त्याने नाकारले, तर ते दुसऱ्याच्या घरात बसत नाही. सही आणि निदान लाकडापुरती आगाऊ रक्कम मिळाल्यावरच करवत लावावी.