सोलकढी सांडली, साबण लावला आणि लिननचा टेबलक्लॉथ निळसर झाला! असं का होतं?

मालवण-तारकर्लीच्या होमस्टेमध्ये जेवणाच्या टेबलावर लिनन अंथरलं, की त्यावर कधी ना कधी सोलकढी सांडणारच. घाईत साबण लावला की गुलाबी डाग निळसर पडतो. कोकमाचा रंग आंबटात लाल राहतो, साबणाच्या क्षारात निळ्याकडे झुकतो. म्हणून आधी नुसतं गार पाणी, साबण नंतर.

हळदीचं वेगळं. कालवणाचा पिवळा डाग साबणाने लाल होतो, पण घाबरू नका. खळबळून धुवा आणि उन्हात टाका, हळद उन्हात उडते. क्लोरीनचं ब्लीच मात्र नको, धागा कमजोर होतो.

हा धागा येतो जवसाच्या खोडातून. हो, चटणीवालं जवस! ओला झाला की तो आणखी मजबूत होतो, त्यामुळे लिनन धुऊन धुऊन मऊ पडतं, पण टिकतं. घेताना ‘लिनन लूक’ या शब्दांना भुलू नका, त्यात पॉलिस्टर असू शकतं. लेबल वाचा. मुठीत चुरगळून बघा, खरं लिनन लगेच सुरकुततं. पहिल्या धुण्यात थोडं आकसतं, तेव्हा टेबलाच्या चारही बाजूंना वीतभर जास्तच घ्या.

खरी परीक्षा पावसाळ्यात. वॉटर स्पोर्ट्स बंद, पर्यटक कमी, टेबलक्लॉथ कपाटात. लिनन सुती कापडापेक्षा जास्त ओल धरतं आणि ती हाताला पटकन कळत नाही. त्यात खळ असेल तर बुरशी आणि कसर दोघांची मेजवानी! म्हणून मे महिन्यातच खळ धुऊन काढा, किंचित ओलसर असताना इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा.